सात जणींचा मोर्चा

'कंपॅटिबल' हा शब्द आपल्या रोजच्या वापरातला. ही रॅम त्या मदरबोर्डला चालेल का, हा ड्रायव्हर या सिस्टिमवर लोड होईल का, असं आपण लॅबमध्ये दिवसातून दहा वेळा विचारतो. तिथे उत्तर सोपं असतं. लावून बघायचं. चाललं तर चाललं, नाहीतर सरांना हाक मारायची!

पण हाच शब्द धर्माला लावला की गंमत संपते. इस्लाम आणि लोकशाही कंपॅटिबल आहेत का? इस्लाम आणि व्यक्तिस्वातंत्र्य? होस्टेलच्या मेसमध्ये हा विषय वर्षातून दोन-तीनदा तरी निघतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपलं उत्तर आधीच ठाऊक असतं. ज्याच्याकडे बघून तो विचारलेला असतो, त्याचा मात्र घास घशात अडकतो. माझी रूममेट इंदापूर तालुक्यातली, मुसलमान घरातली. ती म्हणते की चौदाशे वर्षांचा हिशोब माझ्याकडूनच मागायचा तर आधी माझी सबमिशन्स तरी कोणीतरी पूर्ण करून द्या!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठी पुस्तकं हातात पडली ती कॉलेजच्या लायब्ररीतच. तिथे हमीद दलवाई हे नाव भेटलं. आपल्या मेसमधल्या प्रश्नावर या मराठी लेखकाने आपलं सगळं आयुष्य लावलं होतं, आणि तेही आपण जन्मायच्या कितीतरी आधी. म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल.

हमीद दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा. गाव मिरजोळी, चिपळूणजवळ. घर कोकणी मुसलमानाचं. फाळणीच्या आधीची ती वर्षं, मुस्लिम लीगचा जोर होता. हा मुलगा मात्र राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जाऊ लागला. समाजवादी विचार, साने गुरुजींचे संस्कार, सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र, असं ते वातावरण. पुढे मुंबईला येऊन ते मराठीतून कथा लिहू लागले. 'लाट' हा कथासंग्रह १९६१ साली आला आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकात त्यांनी पत्रकारिता केली. नुसते साहित्यिक म्हणून राहिले असते तरी नाव मोठं झालं असतं!

१९५६ साली त्यांचं मेहरुन्निसा यांच्याशी लग्न झालं. निकाह झाला आणि त्यानंतर दोघांनी विशेष विवाह कायद्याखालीही लग्नाची नोंदणी केली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसता निकाह असता तर तीनदा 'तलाक' म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची आणि तिच्यावर सवत आणण्याची मुभा दलवाईंना राहिली असती. नोंदणी करून त्यांनी स्वतःच ती मुभा सोडून दिली. दुसऱ्यांना सुधारणा सांगण्याआधी आपल्या घरातलं वायरिंग तपासलं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

मग आला १८ एप्रिल १९६६ हा दिवस. मुंबईच्या कौन्सिल हॉलवर एक मोर्चा गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्या नागरिकांना समान कायदा द्या, अशा मागण्या. मोर्चात मुस्लिम बायका किती? सात! मेहरुन्निसा त्यातल्या एक. आपल्या कॉलेजात चहा महाग झाला तरी सत्तर पोरं जमतात. सात जणींच्या मोर्चाला लोक हसलेही असतील. पण आपल्या नावाने काय हक्क आहेत, हे मुस्लिम बाईने रस्त्यावर येऊन सरकारला विचारणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

इथे थोडं थांबून आपल्या भागाकडे बघू. हिंदू-मुसलमानांचा विषय निघाला की बारामती-इंदापूरकडची माणसं अभिमानाने इंदापूरच्या चांदशावली बाबांच्या दर्ग्याचं नाव घेतात. उरुसाला सगळे जातात. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत पडले. त्यांनी आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती नगरच्या शाह शरीफ दर्ग्यावरच्या श्रद्धेपोटी, असं परंपरेने सांगितलं जातं. हे सगळं छानच आहे, आणि ते टिकलं पाहिजे. माझ्या रूममेटच्या घरीही उरुसाला आजूबाजूची सगळी आळी जेवायला असते.

पण दलवाई वाचल्यावर मला कळलं की ही झाली दोन समाजांमधली गोष्ट. एका समाजाच्या आतल्या एका माणसाचं काय? सगळ्या गावाने मिळून उरूस केला, तरी त्याच गावात एखादीला तीन शब्दांत घराबाहेर काढलं तर तिने कोणाकडे जायचं? तिथे शेजाऱ्यांचं प्रेम पुरत नाही, कायदा लागतो. आणि कायद्याने बघायचं ते त्या बाईकडे, तिच्या समाजाच्या पुढाऱ्यांकडे नाही. लोकशाहीत मत जसं एकेकट्याचं असतं, तसा हक्कही एकेकट्याचा असतो. माझ्या मते दलवाईंच्या सगळ्या धडपडीचं सार हेच आहे.

म्हणूनच इस्लाम लोकशाहीत बसतो की नाही यावर ग्रंथ घेऊन वाद घालत ते बसले नाहीत. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब, नागरिक म्हणून आपण सगळे राज्यघटनेखाली, अशी त्यांची भूमिका. मुस्लिम समाजात स्वतःची चिकित्सा करणारा आधुनिक वर्ग तयार व्हायला हवा, असं ते मांडत. मुस्लिम मुलांनी आपापल्या प्रांताच्या भाषेत शिकावं, असाही त्यांचा आग्रह होता. 'मराठा'तली नोकरी सोडून ते पूर्ण वेळ या कामात उतरले. घर चाललं ते मुख्यतः मेहरुन्निसांच्या नोकरीवर. चळवळीच्या इतिहासात पगार आणणाऱ्या बायकोचा उल्लेख एका ओळीत उरकतात, म्हणून मी तो मुद्दाम इथे करते.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नाव कुठून आलं हे सांगायला नकोच. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यातच सत्यशोधक समाज काढला होता. १९७१ साली मंडळाने पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. तलाक मिळालेल्या बायकांना बोलायला व्यासपीठ मिळालं. दलवाईंबरोबर सय्यदभाईंसारखे कार्यकर्ते होते. सय्यदभाई या कामात आले ते स्वतःच्या बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकमुळे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२२ साली ते गेले.

विरोध अर्थातच झाला. सभा उधळल्या, दगडफेक झाली, कार्यकर्त्यांवर बहिष्कार पडले. पण दलवाई हिंदुत्ववाद्यांच्याही सोयीचे नव्हते. मुसलमानांवर टीका करतो म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना ते हिंदूंमधल्या जमातवादाबद्दलही तितकंच स्पष्ट ऐकवत. अशा माणसाला दोन्हीकडून एकटं पडावं लागतं.

त्यांच्यावरचा एक आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. अल्पसंख्य समाज दंग्यांच्या भीतीत जगत असताना त्याला बाहेरच्या कायद्याने बदलायला गेलं तर तो आणखीच आत मिटून घेतो, सुधारणा धर्माच्या आतूनच यायला हवी, असं अनेकांना वाटे. हा आतला मार्ग धरणारेही मुंबईत होते. असगर अली इंजिनिअर. नुसतं आडनाव नाही, खरोखरचे सिव्हिल इंजिनिअर! मुंबई महापालिकेत त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. कुराणाचाच आधार घेऊन ते स्त्रीपुरुष समतेची बाजू मांडत, आणि स्वतःच्या बोहरा समाजातल्या धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध उभे राहिले. २०१३ साली ते गेले. दलवाई घटनेकडून आले, इंजिनिअर कुराणाकडून. रस्ते वेगळे, पण दोघांचाही पत्ता एकच होता, तो म्हणजे घरातल्या बाईचा हक्क.

जगाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. तुर्कस्तानने १९२६ साली नवा नागरी कायदा आणला. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्व बंद केलं. पाकिस्ताननेसुद्धा १९६१ साली तलाकसाठी लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत घातली. धर्म तिथेही तोच होता, माणसांनी निर्णय वेगवेगळे घेतले. आणि आपलं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याआधी देशाच्या बऱ्याच भागांत हिंदू पुरुषही कायद्याने दोन बायका करू शकत होता. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. तेव्हा कोणी विचारलं असतं की हिंदू धर्म लोकशाहीशी कंपॅटिबल आहे का, तर काय उत्तर दिलं असतं? ग्रंथ वाचून उत्तर मिळालं नाही, भांडून मिळवावं लागलं.

दलवाईंना फार वेळ मिळाला नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठलं. त्या आजारपणात ते मुंबईत शरद पवारांच्या घरी राहिले होते. पवार तेव्हा आपल्या बारामतीचे आमदार. मतांचा हिशोब करणाऱ्या राजकारणात अशा माणसाला घरात ठेवून घेणं सोपं नसतं, म्हणून ही गोष्ट इथल्या मुलांना माहीत असावी असं मला वाटतं. ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले. वय अवघं ४४. कोणताही धार्मिक विधी करू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दफन न होता चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. मेहरुन्निसांनी पुढे कित्येक वर्षं मंडळाचं काम केलं आणि 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र लिहिलं. त्या २०१७ च्या जूनमध्ये गेल्या.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. पाचपैकी तीन न्यायाधीशांचं बहुमत. खटला लढणाऱ्या मुसलमान बायकाच होत्या, शायरा बानो त्यातल्या एक. सात जणींच्या मोर्चापासून मोजलं तर ५१ वर्षं! मधे १९८५ साली शाहबानोचा निकाल आला. महिना १७९ रुपये २० पैसे पोटगीसाठी ती म्हातारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जिंकली, आणि १९८६ साली संसदेने कायदा करून तो निकाल फिरवला. त्या वेळी समाजाच्या पुढाऱ्यांचं ऐकलं गेलं, बाईचं नाही. २०१९ साली तीन तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. नवरा तुरुंगात गेल्यावर बाईने खायचं काय, हा प्रश्न आजही अनेक जण विचारतात. म्हणजे काम संपलेलं नाही. बहुपत्नीत्वाची मागणी तर अजून तिथेच आहे.

तेव्हा मित्रांनो, मेसमध्ये पुन्हा हा विषय निघेल तेव्हा प्रश्न थोडा बदलून बघा. समोरच्याच्या धर्माचा निकाल लावण्याऐवजी आधी आपल्या घरचं विचारा. आपल्या बहिणीला मनासारखं लग्न करता येतं का? वडिलांच्या जमिनीवर तिचं नाव लागतं, की हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला साडी देऊन पाठवतात? बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात या प्रश्नाला धर्म नाही. त्याचं खरं उत्तर द्यायची तयारी असेल तर मग इस्लामबद्दलही खुशाल बोलू. माझी रूममेटही त्या वादात उतरायला तयार आहे, आणि ती बोलायला लागली की आटोपत नाही, हे आधीच सांगून ठेवते!