स्वप्न आणि जाग यांच्या सीमेवर : सातोशी कोन

कथानक कळत नाही म्हणून जपानी अ‍ॅनिमेपट अर्ध्यावर सोडणारे अनेक मित्र मला भेटतात. त्यांना मी दिग्दर्शक सातोशी कोन यांचे जीवन सांगतो.

कोन यांचा जन्म १९६३ साली होक्काइदो बेटावर झाला. मुसाशिनो कला विद्यापीठात शिकत असतानाच ते मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढू लागले. पुढे कात्सुहिरो ओतोमो या नामवंत चित्रकथाकाराबरोबर त्यांनी काम केले. १९९७ साली त्यांचा पहिला चित्रपट 'परफेक्ट ब्लू' आला. त्यातील गायिका अभिनयाकडे वळते आणि भूमिका कोठे संपते व आयुष्य कोठे सुरू होते, हे तिलाच उमगेनासे होते. प्रेक्षकाचा गोंधळ हा मुळी तिचाच गोंधळ असतो! २००१ सालच्या 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस'मध्ये वृद्ध नटी आठवणी सांगते आणि मुलाखत घेणारा त्या आठवणींतच शिरतो. काळाचा क्रम सुटतो. पण दुरावलेल्या चित्रकाराचा तिचा शोध काही सुटत नाही. तोच धागा धरून मी हा चित्रपट पाहतो. 'पाप्रिका'त (२००६) तर माणसे एकमेकांच्या स्वप्नांत वावरतात.

मे २०१० मध्ये कोन यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. २४ ऑगस्ट रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, ते गेले. 'ड्रीमिंग मशीन' अपुरा राहिला. पडद्यावर काळ हवा तसा वळविणाऱ्या या कलावंताला स्वतःसाठी मात्र तो पुरला नाही. मागे उरले चारच पूर्ण चित्रपट. ते दोनदा पाहण्याइतका वेळ आपण रसिकांनी द्यायला काय हरकत आहे?