बावन्नी ओलांडल्यावर फ्रेंच शिकले लोकमान्य

परभणी : १ ऑगस्ट आला की आपल्या शाळांतून लोकमान्य टिळकांवर भाषणं होतात. शेंगा आणि टरफलांची गोष्ट तर पहिलीच्या पोरालाही पाठ असते. पण हेच टिळक पन्नाशीनंतर, तेही तुरुंगात बसून, फ्रेंच आणि जर्मन शिकले हे फार कमी जणांना माहीत आहे.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. आधी साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं आणि सप्टेंबरात बोटीने ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. तिथली कोठडी लाकडी फळ्यांची. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फटींतून गार वारा. त्यात मधुमेह, म्हणून भात बंद. असा माणूस सहा वर्षं नुसता दिवस मोजत बसला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

टिळकांनी पुस्तकं मागवली. गीतारहस्य तिथेच लिहिलं, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच कोठडीत त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. कारण अगदी कामाचं होतं. वेदांवर आणि आपल्या जुन्या ग्रंथांवर युरोपातल्या पंडितांनी बरंच लिहून ठेवलं होतं, पण ते जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये. टिळकांची वेदांवरची दोन पुस्तकं तोवर छापून झाली होती, १८९३ आणि १९०३ साली. दुसऱ्याने इंग्रजीत करून दिलेल्या सारांशावर विसंबायचं नाही, मूळच वाचायचं, असं त्यांनी ठरवलं.

आता फ्रेंच ही मोठी अवघड भाषा बरं का. लिहितात एक, बोलतात एक. पॅरिस लिहिताना शेवटी स असतो, पण फ्रेंच माणूस बोलतो पारी. शेवटची अक्षरं बहुतेक गिळायचीच. हे पुस्तकावरून कळतं, पण जिभेवर बसायला समोर माणूस लागतो. मंडालेच्या कोठडीत फ्रेंच बोलणारं माणूस येणार कुठून? स्वयंपाकाला दिलेला एक मराठी कैदी, एवढीच रोजची सोबत. आज शेताच्या बांधावर बसून मोबाईलवर पाहिजे तो उच्चार दहादा ऐकता येतो. टिळकांकडे छापील पान होतं, तेवढंच.

आपल्या भागात नेमकं उलटं दिसतं. परभणी निझामाच्या राज्यात होती. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. त्या काळातले कितीतरी म्हातारे उर्दू पुस्तक कधी हातात न धरता मोंढ्यात फर्डी उर्दू बोलायचे, कारण रोजचा व्यवहारच तिच्यात. त्यांना बोलता यायचं, कागद वाचायला मात्र दुसऱ्याकडे जावं लागायचं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकावे लागले, हे सगळ्यांनी पाहिलंय. टिळकांचं डोळ्याने शिकणं, आपल्या म्हाताऱ्यांचं कानाने. मला विचाराल तर कानाचं शिकणं सोपं. डोळ्याच्या शिकण्याला जिद्द जास्त लागते, कारण आपलं बरोबर चाललंय का हे सांगायला कोणी नसतं.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. बातमी तारेने तुरुंगात पोचली. शेवटची भेट नाही, काही नाही. जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्याला घरी आले.

फ्रान्स त्यांच्या जवळ आला तो १९१९ साली. चिरोल नावाच्या इंग्रज लेखकावरच्या दाव्यासाठी टिळक लंडनला गेले होते. दावा हरले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि पॅरिसमध्ये तहाची परिषद भरली होती. दिल्लीच्या काँग्रेसने हिंदुस्थानची बाजू मांडायला तिघांची नावं ठरवली होती, टिळक, गांधीजी आणि हसन इमाम. लंडनहून पॅरिस म्हणजे मधली खाडी ओलांडायची, एवढंच अंतर. पण सरकारने टिळकांना फ्रान्सला जायचा परवाना नाकारला.

मग त्यांनी हिंदुस्थानच्या मागण्या लिहून परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पाठवल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ते मायदेशी परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात वारले. पॅरिसच्या त्या परिषदेत त्यांना पाय ठेवता आला नाही. गेलं ते पत्र.