आडनाव पुसलं, पावलं राहिली

फिल्म सोसायटीच्या खुर्चीत बसून सिनेमा पाहायला शिकलेल्या माझ्यासारख्यांना रिटा हेवर्थ पहिल्यांदा भेटली ती भिंतीवरच्या पोस्टरमध्ये. व्हित्तोरिओ डी सिका यांच्या १९४८ सालच्या 'बायसिकल थीव्ह्ज'चा नायक रोममधल्या एका भिंतीवर तिच्या 'गिल्डा'चं पोस्टर चिकटवत असतो. शिडीवर चढून कागदाच्या सुरकुत्या काढत असतो आणि नेमकी त्याच वेळी त्याची सायकल चोरीला जाते. आम्ही सगळे सायकलीसाठी हळहळलो. पोस्टरवरच्या बाईकडे पाहिलं असेल तर ते एवढ्याच समजुतीनं, की इकडे गरिबाच्या पोटाचा प्रश्न आणि तिकडे भिंतीवर हॉलिवूडची दिखाऊ बाहुली. ही समजूत मी कितीतरी वर्षं बाळगली होती.

ती मोडली 'यू वेअर नेव्हर लव्हलिअर' या १९४२ च्या चित्रपटानं. खरं तर मी पाहायला बसलो होतो फ्रेड ॲस्टेअरसाठी. पण नाच सुरू झाला आणि नजर त्याच्यावर ठरेना. तिचे पाय त्याच्या जोडीनं चोख अमेरिकन टॅप वाजवत होते, आणि कमरेच्या वरचं अंग मात्र निराळ्याच मुलखातून आल्यासारखं होतं. ताठ पाठ, किंचित मागे गेलेली मान, खांद्यापासून सावकाश वर येणारे हात आणि शेवटी मनगटाची गिरकी. आपल्याकडे गायकानं दोन आवर्तनं गायली की जाणकार त्याचं घराणं ओळखतात. मी नाचातला जाणकार नव्हे, पण इथं काहीतरी घराणं आहे एवढं मलाही कळलं. शोधत गेलो तेव्हा पोचलो स्पेनमधल्या सेव्हिल शहराला लागून असलेल्या कास्तिलेखा दे ला कुएस्ता या गावापर्यंत.

त्या गावचा एदुआर्दो कान्सिनो १९१३ साली बहीण एलिसा हिला घेऊन अमेरिकेला गेला. त्याचे वडील अंतोनिओ कान्सिनो हे स्पॅनिश नृत्याचे, विशेषतः बोलेरोचे, नावाजलेले गुरू. भावाबहिणीच्या या जोडीनं 'डान्सिंग कान्सिनोज' म्हणून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर, म्हणजे गाणी, नाच, नकला आणि कसरती यांच्या मिसळ कार्यक्रमांत, चांगलंच नाव कमावलं. एदुआर्दोनं व्होल्गा हेवर्थ या आयरिश-इंग्लिश वंशाच्या नर्तकीशी लग्न केलं. १७ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांना मुलगी झाली. तिचं नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो. चालता येऊ लागलं न लागलं तोच तिच्या पायांना तालीम सुरू झाली. पहिले धडे दिले ते आजोबांनी.

१९२७ मध्ये कुटुंब हॉलिवूडला आलं. एदुआर्दोनं तिथं नृत्यशाळा काढली आणि सिनेमातल्या नटनट्यांना शिकवू लागला. पण १९२९ नंतरच्या मंदीनं शाळेची घडी विस्कटली. रंगमंचावर पुन्हा उभं राहायचं तर जोडीदारीण हवी. त्यानं बारा वर्षांच्या मुलीला उभं केलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार इतक्या लहान मुलीला दारू मिळणाऱ्या ठिकाणी नाचता येत नव्हतं. म्हणून बापलेक सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या क्लबांमध्ये जाऊ लागले. ती वयानं मोठी आणि अधिक स्पॅनिश दिसावी म्हणून तिचे तपकिरी केस काळे केले गेले. पाहणाऱ्यांना ते नवरा-बायको वाटत आणि तो समज कुणी दूर करत नसे. शाळा अर्धवट राहिली.

ती वारल्यानंतर १९८९ मध्ये बार्बरा लीमिंग यांनी लिहिलेलं चरित्र आलं. त्या काळात वडिलांनी तिच्यावर अत्याचार केल्याचं त्यात म्हटलं आहे. आधार आहे तिचा दुसरा नवरा ऑर्सन वेल्स यानं सांगितलेल्या हकिकतीचा. पुस्तक आलं तेव्हा बाप, लेक आणि वेल्स, तिघंही हयात नव्हती. त्याची शहानिशा कोण करणार? पण ते बाजूला ठेवलं तरी ज्याबद्दल वाद नाही तेवढंही पुरेसं आहे. परदेशात पाय रोवायला निघालेल्या त्या घराचं ओझं एका बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या पायांवर पडलं होतं. वारसा म्हटलं की आपल्याला पणजीची नथ, आजोबांची पोथी असलं काहीतरी आठवतं. हिच्या वाट्याला आलेला वारसा असा होता.

तिहुआनाच्या क्लबात फॉक्स कंपनीच्या विनफिल्ड शीहान यांनी तिला पाहिलं आणि ती सिनेमात आली. १९३५ च्या 'दान्तेज इन्फर्नो'मध्ये तिचा नाच आहे. पडद्यावरचं नाव रिटा कान्सिनो. पण काळे केस आणि स्पॅनिश आडनाव म्हटल्यावर तिच्याकडे कधी इजिप्शियन मुलगी, कधी कुठली तरी लॅटिन तरुणी अशा फुटकळ भूमिका येत. मग फॉक्सच्या मालकीत उलथापालथ झाली आणि तिचा करार संपला.

पुढची कामगिरी पहिला नवरा एडवर्ड जडसन आणि कोलंबिया कंपनीचे मालक हॅरी कोन यांची. कान्सिनो हे आडनाव गेलं, आईच्या माहेरचं हेवर्थ आलं. केस तांबूस झाले. कपाळ अरुंद दिसतं म्हणून विजेच्या सुईनं केसांची मुळं जाळून कपाळावरची रेषा मागे सरकवली गेली. हा उपचार दुखरा आणि महिनोन् महिने चालणारा. जे केस स्पॅनिश दिसण्यासाठी एकदा काळे केले होते, तेच आता स्पॅनिश दिसू नयेत म्हणून तांबडे झाले. पुढे वेल्सनं 'द लेडी फ्रॉम शांघाय'साठी ते कापून पांढुरके सोनेरी केले. गाण्यांत आवाजही उसना. 'गिल्डा'त बहुतेक तो अनिता एलिस यांचा आहे. नाव, केस, कपाळ, गळा, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. नाच मात्र उसना आणता येत नाही. तो तिचा तिलाच करावा लागे.

ॲस्टेअरबरोबरचे तिचे दोन चित्रपट मला म्हणूनच मोलाचे वाटतात. ॲस्टेअरचंही मूळ आडनाव ऑस्टरलिट्झ. त्याचे वडील ऑस्ट्रियातल्या लिन्झहून अमेरिकेत आले होते. तोही बहीण अडेलबरोबर जोडीनं नाचत व्हॉडव्हिलमध्ये वाढला आणि तिथंच त्याची एदुआर्दोशी ओळख झाली होती. म्हणजे १९४१ च्या 'यूल नेव्हर गेट रिच'मध्ये अमेरिकन म्हणून जी देखणी जोडी जगानं पाहिली, ती दोन परदेशी माणसांची मुलं होती आणि दोघांचीही आडनावं बदललेली होती. 'यू वेअर नेव्हर लव्हलिअर'मधला त्यांचा एक नाच 'शॉर्टी जॉर्ज' या नावाचा आहे. ती चाल मूळ न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जॉर्ज स्नोडेन या कृष्णवर्णीय नर्तकाची. त्याचे पूर्वज त्या देशात हौसेनं आले नव्हते, आणि त्या नाचात पडद्यावर तो कुठं दिसतही नाही. अमेरिकन नाच म्हणून जो काही आहे, तो असा कुणाकुणाच्या गाठोड्यांतून निघाला आहे.

१९४६ चा 'गिल्डा' बहुतेकांना आठवतो तो काळ्या साटिनच्या पोशाखासाठी आणि हातातला लांब मोजा उतरवण्यासाठी. त्या गाण्याची नृत्यरचना जॅक कोल यांची. हे गृहस्थ भरतनाट्यम शिकलेले होते, हे कळल्यावर मला गंमत वाटली. ते दृश्य आता पाहताना मी मोजा पाहत नाही, हात पाहतो. बाई फारशी जागची हलतही नाही आणि तरी नाच पुरा होतो. बोटाच्या टोकापर्यंत ताल पोचवायची ही सवय एका गाण्याच्या तालमीत लागत नाही. त्यामागे आजोबांपासूनची वर्षं आहेत.

मग आला १९४८ चा 'द लव्ह्ज ऑफ कार्मेन'. तिच्या स्वतःच्या निर्मितीसंस्थेचा हा पहिला चित्रपट. समीक्षकांनी त्याचं फारसं कौतुक केलं नाही, आणि चित्रपट म्हणून तो मलाही बेताचाच वाटतो. पण कथा सेव्हिलची आहे. नायिकेचं नाव तिच्या जन्मनावातलंच, कार्मेन. स्पॅनिश नाचांच्या रचनेला वडील एदुआर्दो, नाचणाऱ्यांत काका होसे, आणि एका छोट्या भूमिकेत भाऊ व्हर्नन. श्रेयनामावलीत नायिका हेवर्थच राहिली, पण कंपनीनं पुसलेलं आख्खं कान्सिनो घर तिनं पडद्यावर आणून उभं केलं. सेव्हिल अर्थातच खोटं होतं, कॅलिफोर्नियात उभारलेलं. ज्या वडिलांनी तिचं बालपण घेतलं त्यांनाच तिनं या कामात का घेतलं असेल? मायेनं, कर्तव्यानं, की ते नाच दुसऱ्या कुणाला इतके येत नव्हते म्हणून? पडद्यावर दिसतं ते एवढंच, की त्या नाचात ती कुणाचीही नक्कल करत नाही.

इथं तिची गोष्ट आपल्या पुण्याजवळून जाते. २७ मे १९४९ रोजी तिनं अली खान यांच्याशी लग्न केलं. ते तिसऱ्या आगाखानांचे चिरंजीव. ज्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते, महादेवभाईंनी आणि कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला, ती नगर रस्त्यावरची वास्तू तेव्हा तिच्या सासऱ्यांची होती. अली खान यांच्याच मुलानं, चौथ्या आगाखानांनी, १९६९ साली ती गांधीस्मारक म्हणून देऊन टाकली. लग्न टिकलं नाही. मुलगी यास्मीन कुठल्या देशात आणि कुठल्या धर्मात वाढणार, यावर बरीच ओढाताण झाली. वारशाचा तोच प्रश्न आता उलट बाजूनं पुढे आला होता. आईनं मुलीला अमेरिकेत, आपल्याजवळ वाढवलं.

पन्नाशीच्या आसपास संवाद आठवेनासे झाले. १९७२ चा 'द रॉथ ऑफ गॉड' तिचा शेवटचा चित्रपट. त्यातली तिची वाक्यं एकेक करून चित्रित करावी लागली. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर ती भांबावलेल्या, विस्कटलेल्या अवस्थेत उतरली. तिची छायाचित्रं जगभर छापून आली आणि लोकांनी निदान करून टाकलं, की बाई दारूत बुडाली. खरं निदान १९८० मध्ये झालं: अल्झायमर. हा शब्द तेव्हा घरोघरी ठाऊक नव्हता. तो लोकांपर्यंत पोचण्यात तिच्या आजाराचा मोठा वाटा आहे. १९८१ पासून तिची सारी काळजी यास्मीननं वाहिली आणि पुढे या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभारण्याचं काम हाती घेतलं. १४ मे १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रिटा गेली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात ॲस्टेअर गेला.

पुसण्याचं काम आधी कंपनीनं केलं, नंतर आजारानं. फिल्म मात्र होती तशीच आहे. मुलीकडे आणि आमच्यासारख्या परक्यांकडे ती उरली आहे, आणि तिच्यातून कास्तिलेखाचे अंतोनिओ कान्सिनोही.

परवा 'बायसिकल थीव्ह्ज' पुन्हा पाहिला. शिडी आली, खळ आली, पोस्टर आलं. सायकल गेल्याचं वाईट याही वेळी वाटलंच. पण त्या आधीच्या क्षणी मी भिंतीवरच्या बाईकडे नीट पाहून घेतलं. आपलं गाव सोडून, मुलाबाळांच्या पोटासाठी मिळेल ते काम करणाऱ्या माणसांपैकीच एका घरातली ती मुलगी होती.