सूक्ष्मदर्शकाखाली माणसे घडवणारा डॉक्टर

पेण किंवा रोह्यातील एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचा संशय आला, की आईवडील त्याला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात किंवा रायगड जिल्ह्यातच असलेल्या खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये पोहोचतात. तेथील संशोधनाची परंपरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापर्यंत मागे जाते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन ते परतले आणि मुंबईच्या ग्रँट व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

उपकरणे विकत मिळतात, संशोधक मात्र घडवावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी केवळ डॉक्टरांवर विसंबून न राहता इतर विज्ञानशाखांतील तरुणांनाही प्रयोगशाळेचे दार उघडले. आनुवंशशास्त्रज्ञ एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा जातिसमूहांच्या रक्तगटांचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या.

परदेशी गेलेला संशोधक परत यायचा, तर त्याला येथे काम हवे, जागा हवी. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राने ती दिली. खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. रणदिवे परतल्या आणि तेथे ऊतीसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी राहिली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरही त्यांनी संशोधन केले. शिवाय परदेशातील सहकाऱ्यांना त्या मायदेशी बोलावत राहिल्या.

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६६ मध्ये संशोधन केंद्र व रुग्णालय ‘टाटा मेमोरियल सेंटर’च्या छत्राखाली एकत्र आले. त्याच वर्षी संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांच्या शिष्येकडे, रणदिवे यांच्याकडे आले.

खानोलकरांचे १९७८ मध्ये निधन झाले. त्यांची संस्था पुढे खारघरला गेली. आज तेथे रक्ताच्या कर्करोगावर उपचार होतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते आणि नवे विद्यार्थी पीएच. डी.ही करतात.