फडक्यांशी वाद झाला, दृष्टी गेली, तरी खांडेकर लिहीत राहिले

मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे लेखक म्हणजे वि. स. खांडेकर. पण 'ययाति'पर्यंतचा त्यांचा प्रवास सरळ नव्हता.

१८९८ साली सांगलीत जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं गणेश आत्माराम खांडेकर. वडील लवकर गेले. पुढे दत्तक गेल्यावर त्यांचं नाव विष्णू सखाराम झालं. कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि १९२० मध्ये ते कोकणातल्या शिरोड्याला शाळामास्तर झाले.

तिथे १८ वर्षं त्यांनी गरिबी जवळून पाहिली. १९३० साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी आली, 'हृदयाची हाक'.

त्या काळात कादंबरीवर ना. सी. फडक्यांचं राज्य होतं. कथानक रेखीव हवं, वाचक रंगला पाहिजे, कलेवर उपदेशाचं ओझं नको, ही फडक्यांची भूमिका. खांडेकरांचं म्हणणं वेगळं होतं. भोवती माणसं उपाशी असताना लेखकाने फक्त रंजन करून भागणार नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठीत गाजला. योगायोग म्हणजे १९४० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते आणि १९४१ चे खांडेकर.

खांडेकरांवर टीकाही झाली. भाषा फार अलंकारिक, पात्रं आदर्शवादी, असं समीक्षक म्हणत. त्यात १९४२ च्या 'क्रौंचवध'नंतर दहाएक वर्षं त्यांची नवी कादंबरीच आली नाही.

मग १९५९ मध्ये 'ययाति' आली. महाभारतातल्या एका राजाची गोष्ट त्यांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली. एकच घटना प्रत्येकाच्या नजरेतून वेगळी दिसते, त्यामुळे कोणालाच सरळ दोषी धरता येत नाही. शिवाय कितीही भोगलं तरी न भागणारी हाव हा विषय पुराणातला असला, तरी दुखणं आजचंच होतं. म्हणजे रंजनही होतं आणि जीवनही. कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चं ज्ञानपीठ.

दृष्टी त्यांची मुळातच अधू होती. अखेरच्या वर्षांत ती पूर्ण गेली. तरीही ते मजकूर तोंडी सांगत आणि दुसरं कोणी तो उतरवून घेई. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं. 'एका पानाची कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र वाचकांच्या हाती आलं, तेव्हा ते या जगात नव्हते.