चिंतामणराव देशमुख
महाडजवळील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आकडे व टिपणे यांत रमणारा हा मितभाषी प्रशासक लोकांच्या गळ्यातला ताईत होईल, असे कोणास वाटले असते? परंतु मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होणार, हे असह्य होऊन १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. आणि अर्थसंकल्प कधी न वाचलेल्या घरांतही त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. त्या जयजयकारात ते रमले नाहीत. दिल्लीतच राहून विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठ, इंडिया इंटरनॅशनल सेंटर येथे ते निष्ठेने राबले. १९८२ साली ते निवर्तले. खुर्चीवर मन लावून काम करावे, पण ती सोडण्याची वेळही ओळखावी, हे आम्ही दिल्लीकर मराठी अधिकारी त्यांच्याकडूनच शिकलो.