श्रीमंत नानासाहेब पेशवे व त्यांचे कुटुंब

कर्जतजवळचे वेणगाव हे लहानसे गाव. तेथील माधवराव नारायण भट व गंगाबाई या दांपत्याच्या पोटी १८२४ साली नानासाहेबांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. दुसरे बाजीराव पेशवे १८१८ साली राज्य गमावून गंगातीरी ब्रह्मावर्तास राहत होते. माधवराव सहकुटुंब त्यांच्या आश्रयास गेले व १८२७ साली निपुत्रिक बाजीरावांनी नानासाहेबांस दत्तक घेतले. भटांचे पोर पेशव्यांचे वारस झाले. मात्र वारसा कशाचा, तर गेलेल्या गादीचा!

बाजीरावांस सालीना आठ लाखांचा तनखा होता. १८५१ साली ते निवर्तताच कंपनी सरकारने तो बंद केला. नानासाहेबांनी प्रथम शस्त्र धरले नाही, अर्ज केले. १८५३ साली अजीमुल्ला खान यांस विलायतेस धाडले. तेथेही दाद लागली नाही. पदरी शेकडो आश्रित, वडिलांच्या विधवा पत्नी, लग्नाच्या बहिणी, आणि उत्पन्नाची वाट बंद.

जून १८५७ मध्ये कानपुरास उठाव झाला व १ जुलैस ते पेशवे म्हणून गादीवर बसले. तत्पूर्वी २७ जूनला अभय दिलेल्या इंग्रजांची सतीचौरा घाटावर कत्तल झाली आणि १५ जुलैस बीबीघरात सुमारे दोनशे बायकामुले मारली गेली. हुकूम कोणाचा, यावर आजही वाद आहे. पण घडले ते त्यांच्या अमलात, हे त्यांच्या अभिमान्यांनीही झाकू नये. हॅवलॉकच्या फौजेपुढे ती पेशवाई दोन आठवडेच टिकली. गंगेत जलसमाधी घेत असल्याचा बहाणा करून नानासाहेब रातोरात पार झाले. इंग्रजांनी ब्रह्मावर्ताचा वाडा पाडला, देवालयही सुरुंगाने उडविले आणि विहीर उपसून खजिना नेला. नानासाहेबांच्या शिरावर एक लाखाचे इनाम लागले.

जून १८५८ मध्ये तात्या टोपे व पुतणे रावसाहेब यांनी ग्वाल्हेरीस नानासाहेबांच्या नावाची द्वाही फिरविली. स्वतः नानासाहेब तेथे नव्हते. पुढे दोघेही फासावर गेले, तात्या १८५९ साली व रावसाहेब १८६२ साली. बंधू बाळासाहेब नेपाळच्या तराईत तापाने गेले.

बायकांचे हाल फारसे कोणी सांगत नाही. पत्नी काशीबाई व बाजीरावांच्या विधवा नेपाळात जंगबहादुरांच्या आश्रयास राहिल्या. त्याची किंमत दागिन्यांनी चुकवावी लागली. प्रसिद्ध नौलखा हार जंगबहादुरांनीच घेतला. बाजीरावांची कन्या बयाबाई ग्वाल्हेरच्या आपट्यांची सून. ती १९१७ पर्यंत हयात होती.

नानासाहेब १८५९ नंतर दिसले नाहीत. तराईत वारल्याची बातमी आली, तरी सरकारचा विश्वास बसेना. नाना म्हणून कित्येक गोसावी-बैरागी पकडले गेले. १८७४ साली खुद्द शिंद्यांनी असा एक इसम इंग्रजांच्या हवाली केला, पण तोही नाना ठरला नाही. पेशव्यांच्या या वारसाच्या मृत्यूची खात्रीची तिथीच नाही.